तलावातल्या कुंपणाची गाठ कोण सोडतं?

मागच्या महिन्यात एका रविवारी सकाळी सातला मुलुंडच्या आमच्या तलावावर पोचले आणि आधी कुंपण बघितलं... परत सुटलेलं. सलग चौथा रविवार.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या तलावात जलपर्णी माजली आहे. जांभळी फुलं येतात, लोक सेल्फी काढतात, पण खाली पाण्याचा जीव गुदमरतोय.

आम्ही दहा-बारा जण दर रविवारी गमबूट घालून ती उपसतो. साफ केलेल्या घाटाकडे ती परत वाहून येऊ नये म्हणून बांबू आणि रिकामे कॅन दोरीने जोडून एक तरंगतं कुंपण केलं.

शनिवारी संध्याकाळी वॉकला गेले की कुंपण बंद. रविवारी सकाळी उघडं. दोरी तुटलेली नाही हं... गाठ नीट सोडलेली. म्हणजे कोणीतरी मुद्दाम करतंय.

डोक्यात काय काय यायला लागलं. तलाव बुजलेला कोणाला हवाय? की आमच्यातलाच कोणी? चहा पितानासुद्धा मी एकेकाच्या हातांकडे बघायचे... कोणाला अशा गाठी येत असतील.

पुढच्या रविवारी उजाडता उजाडता जाऊन झाडामागे उभी राहिले. आणि तो दिसला. थर्माकोलच्या तराफ्यावर बसून मासे धरणारा, डोंगराकडच्या पाड्यावरचा एक वयस्कर माणूस. हात थेट गाठीवर. मी फोटो काढला, ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "सापडला."

पुढचं फार भराभर झालं. फोटो आसपासच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरला. जलपर्णीखाली मासे लपतात म्हणून त्याला ती हवीच असणार, असंही कोणीतरी ठरवून टाकलं. वॉचमनला सांगितलं, याला आत सोडायचं नाही.

फक्त आमच्यातले सावंतकाका गप्प होते. ते रोज सकाळ-संध्याकाळ तलावावर फिरतात. शेवटी आपल्या मालवणीत एवढंच म्हणाले, "अगो, रोज सकाळी गाठ सुटलेली दिसता, सांजेक बांधलेली. सोडता तो, मगे बांधता कोण?"

मी लक्ष दिलं नाही. चोर सापडला होता ना...

त्यानंतरचे दोन रविवार कुंपण एकदम घट्ट. पण आतलं पाणी हिरवं व्हायला लागलं. उपसताना निसटलेली छोटी छोटी रोपं घाटाच्या पायऱ्यांना येऊन चिकटली होती आणि तिथेच वाढत होती. चार-पाच मासे मरून वर आले होते.

मला वाटलं, हा सूड उगवतोय. माझी खात्रीच झाली.

सुट्टीचा दिवस बघून गेले. तो गेटबाहेर कट्ट्यावर बसला होता, जाळं गुंडाळून बाजूला ठेवलेलं. मी सरळ विचारलं, आता आणखी काय केलंत म्हणून.

तो चिडला नाही. म्हणाला, "सकाळी वारा खाडीकडून, म्हणजे घाटाकडून तलावात जातो ताई. तेव्हा गाठ सोडली की तुमचं निसटलेलं सगळं बाहेर जातं. दुपारनंतर वारा फिरतो, डोंगराकडून येतो, मोठी जलपर्णी घाटाकडे ढकलतो. त्याच्या आत मी बांधून टाकायचो."

मी म्हटलं, हे आम्हाला सांगायचं तरी.

"तुम्ही विचारलं कुठं?" तो म्हणाला. "तुम्ही फोटो काढला."

मी तिथेच त्याची माफी मागितली. तो जाळ्यातली काडी काढत बसला. नाव विचारलं... लक्ष्मण. दोन वर्षं एकाच तलावावर येतोय आम्ही, आणि मी त्याला आज नाव विचारत होते.

त्याच दिवशी वॉचमनला सांगितलं, ग्रुपवर सगळं लिहिलं, फोटो डिलीट केला. पण फॉरवर्ड झालेला कसा परत आणणार? म्हणून ही पोस्ट. तुमच्याकडे तो फोटो आला असेल, तर ज्या ज्या ग्रुपवर तुम्ही तो पाठवला, तिथे हेही पाठवा. प्लीज.

लक्ष्मणदादा परत यायला लागलेत. या रविवारी त्यांनी गाठ सोडली तेव्हा मी बांबू धरून उभी होते. तासाभरात निसटलेली रोपं एकेक करून बाहेर सरकत गेली... आम्ही अख्खी सकाळ वाकून जे वेचायचो, ते.

चहाला बोलावलं तर आले नाहीत. नको म्हणाले आणि तराफा घेऊन पलीकडे निघून गेले. मीही आग्रह केला नाही.

इतके दिवस संशय मी घेत होते. आता माझ्यावर भरवसा ठेवायचा की नाही, हे त्यांनी ठरवायचं आहे... घेऊ देत लागेल तेवढा वेळ.