मित्राच्या मापाची काडतुसं

काळ्या मार्करचं टोपण उघडलं की त्या वासाने मला स्टुटगार्टजवळच्या एका शूटिंग क्लबातला शनिवार आठवतो. मी तेव्हा गाड्यांच्या सुट्या भागांची मापं तपासायचे, म्हणून माझे सत्तरीतले घरमालक मला तिथे घेऊन गेले होते. वापरलेल्या पितळी केसमध्ये त्यांनी स्वतः पुन्हा दारू भरून केलेली काडतुसं रायफलमध्ये बसत नव्हती, मागून बंद करायचा बोल्ट बंदच होईना, आणि दुसऱ्या दिवशी स्पर्धा होती. "माझे हात आता कामातून गेले," ते म्हणाले. व्हर्नियर कॅलिपरवर काडतुसाची लांबी तर बरोबर येत होती. मग मी तशीच एक रिकामी पितळी केस मार्करने काळी केली आणि त्यांना रायफलमध्ये घालून काढायला सांगितली. केस निमुळती होते तिथली शाई खरवडून निघाली होती. "ह्या तुमच्याच रायफलमधून उडवलेल्या ना?" मी विचारलं. "नाही, माझ्या मित्राच्या. तो मार्चमध्ये गेला. त्याच्या बायकोने डबा आणून दिला." गोळी उडताना पितळ मित्राच्या रायफलच्या मापाला फुगलं होतं आणि यांनी भरताना केसचं फक्त तोंड बारीक केलं होतं. "म्हणजे हातांचा दोष नाही. अख्खी केस दाबून घेतली की बसेल." "गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर, असं म्हणत त्यांनी डबा बंद केला आणि रविवारी विकतच्या काडतुसांवर खेळून ते शेवटून दुसरे आले. सांगितलेला उपाय त्यांनी केला नाही, याचा मला कितीतरी दिवस राग होता. केस दाबल्या असत्या तर त्यांच्यावर उरलेलं मित्राचं माप पुसलं गेलं असतं. आज त्या रागाचीच लाज वाटते.