आंदणात गेलेला नंबर

आमच्याकडे लोक रिटर्न भरायला येत नाहीत, तारीख वाढली का ते विचारायला येतात. मालेगावात बसस्टँडजवळ माझं कर सल्ल्याचं एका टेबलाचं ऑफिस आहे. जुलै उजाडला की दारातूनच आवाज येतो, "मॅडम, वाढली का?" वाढली म्हटलं की खूश होऊन तसेच परत जातात. सरकारनंच लाडावून ठेवलंय यांना. पण एकतीस डिसेंबर निराळा. दंड भरून राहिलेलं रिटर्न टाकायची ती अगदी शेवटची तारीख, आणि त्या दिवशी माझं डोकं सकाळपासूनच फिरलेलं असतं.

बरोबर त्याच दिवशी सकाळी शिरपूर जैन गावचे एक काका कापडी पिशवी पोटाशी धरून आले. भांड्यांचं दुकान, तेही भाड्याच्या गाळ्यात. आता मालक गाळा विकत होता, काकांनाच द्यायला तयार होता, आणि कर्जासाठी बँकेनं तीन वर्षांची रिटर्नं मागितली होती. दोन होती. तिसरं पिशवीत होतं, म्हणजे भरायचंच होतं. ते आज गेलं नाही तर कर्ज नाही, आणि गाळा दुसऱ्याच्या घशात.

"काका, वर्षभर झोपले होते काय?"

"नाई ना मॅडम. मले वाटलं वाढंल."

पासवर्ड विचारला तर तो आधीच्या सल्लागाराकडे, आणि तो फोनच उचलत नव्हता. म्हणजे नवा पासवर्ड, आणि त्यासाठी आधारला जोडलेल्या मोबाईलवर येणारा सहा आकडी ओटीपी. तो पंधरा मिनिटांत शिळा होतो. "काढा मोबाईल," मी म्हटलं. काका छताकडे बघायला लागले.

"थो नंबर माह्यापाशी नाई. पोरीले आंदनात देल्ला."

"आंदणात नंबर?"

"मोबाईल देल्ला ना लग्नात. सिमकार्ड आतच होतं."

बाप्पा! जन्मभर दुसऱ्यांना आंदणाची भांडी विकणाऱ्या माणसानं स्वतःच्या पोरीला आपली ओळखच देऊन टाकली होती. मी म्हटलं, बरं, लावा तिला फोन. काका पिशवीचे बंद गुंडाळत बसले. मग हळूच कळलं, दिवाळीपासून पोरगी बापाशी बोलत नव्हती.

झालं असं होतं. पोरगी दिली कारंज्यापुढच्या कामरगावला. दिवाळीला तिला आणायला बापानं जायचं. पण धनतेरसेला भांड्याच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. काकांनी डोकं चालवलं. कारंज्याला माल टाकायला टेम्पो चाललाच होता, ड्रायव्हरला सांगितलं, येताना पोरीलेही घेऊन ये. तिनं टेम्पो रिकामा परत पाठवला.

"अहो काका! पोरीला रिकाम्या खोक्यांत बसवून आणत होते?"

"पुढं बसवली असती ना मॅडम, डायवरपाशी."

मीच त्यांच्या मोबाईलवरून फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"बेटा, मी बावा. तुह्या मोबाईलवर सहा आकडे येतीन, थेवढे सांग."

तिकडून मग आवाज आला, "टेम्पो पाठवा. त्यात भरून पाठवीन."

मला हसू आवरेना. तरी मध्ये पडले, म्हटलं, ताई, गाळा जाईल गं, आज शेवटची तारीख आहे. ती म्हणाली, "मॅडम, तुमचे बाबा येत असतीन ना तुमाले आनायले? मंग तुमाले नाई समजाचं. आकडे पायजे असन तं त्याईले सोता येऊ द्या."

माझे बाबा जाऊन चार वर्षं झाली. उशिरा यायचे, पण यायचे.

मग मी काकांवर ओरडलेच. "उठा! कारंज्याची एसटी लागली आहे. तिथून जीप पकडा." काका पिशवी माझ्या टेबलावर टाकून, आयुष्यात पहिल्यांदाच पळत असतील, पण पळाले.

दुपारभर मी पावत्या लावल्या, कराचं आणि दंडाचं चलान भरून ठेवलं आणि दर दहा मिनिटांनी घड्याळाकडे बघून काकांना मनातल्या मनात शिव्या घातल्या. चार वाजता फोन आला. "पोचलो मॅडम. पन जेवल्याबिगर आकडे देत नाई म्हन्ते."

"अहो, इथं पोर्टल गोल गोल फिरून राह्यलं, अन् तुमी जेवता?"

"पिठलं झालंच हाय."

पाच वाजता मी ओटीपी पाठवला. फोनवर आधी नुसतंच हुंदका आवरल्यासारखं काहीतरी, मग काकांचं नाक ओढणं, मग "चूक झाली ना माही, बेटा." मी "आकडे! आकडे!" म्हणून ओरडत होते. पहिला ओटीपी दोघांच्या रडण्यात शिळा झाला. दुसरा मात्र तिनं एकेक आकडा सुटा करून नीट वाचला. साडेपाचला रिटर्न गेलं आणि मी खुर्चीत मागे टेकून, कोण जाणे का, थोडी रडले.

आठवड्यानं काका पेढे घेऊन आले. बँकेनं कागद घेतले होते. सोबत पोरगी, बापाचीच हनुवटी. मी सल्लागारपणा केलाच, "काका, आता आधारला स्वतःचा नंबर जोडून घ्या."

काका पोरीकडे बघून म्हणाले, "राहू द्या ना मॅडम. आकडे घ्यायले जावा तं लागंल."

"जा, पण शेवटच्या दिवशी नका जाऊ!"

माझ्याआधी पोरगीच बोलली. "दिवाळीले या, बावा. थे तारीख वाढत नाई."