रमाकांतांचे ढिले नट

मकरपुऱ्याच्या कारखान्यात रमाकांत नट-बोल्ट तपासत. अठ्ठावीस वर्षं. खोड घरीही सुटेना. ताटात पोळी पडली की डोळे बारीक करून कड निरखायचे, आणि अहल्याबाई म्हणायच्या, "गिळा आता, शिक्का नंतर मारा."

नात मोहना सात वर्षांची. रक्ताच्या कॅन्सरचे उपचार दोन वर्षं चालले. आजार आवरला, केस परत आले, पण औषधांनी बोटं बधिर आणि लेचीपेची झाली. तिनं मात्र जाहीर करून टाकलं होतं, "जूनमध्ये शाळेत जाईन, पण बटणं माझी मला लावता आली तरच."

व्यायाम शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, रोज बारीक काम द्या. मणी ओवू द्या.

"मणी?" रमाकांतांना अपमानच वाटला. दुसऱ्या दिवशी कारेलीबागेतल्या त्यांच्या जेवणाच्या टेबलावर पाच बोल्ट ठोकलेला पाट, घड्याळ आणि कारखान्यातलं अस्सल तपासणी-कार्ड हजर. पाचही नट चढले तर 'पास'.

महिनाभर कार्ड कोरंच. मोहना रडायची नाही, नुसती नाक फुगवायची. रमाकांतांना मात्र जेवण जाईना. शेवटी ज्या माणसानं जन्मात ढिला नट दाराबाहेर सोडला नव्हता, त्यानं गच्चीवर लपून पाच नटांचे आटे घासून ते सैल केले.

मोहनानं पहिला नट चढवला. हलवून पाहिला.

"आजोबा, हा डुगडुगतो."

"छट्! तपासलेला माल आहे."

"माझ्या बोटांना कळतंय ना! रिजेक्ट." मग दुसरा. "हापण." पाचही बाद.

रमाकांत चोरासारखे बसले. मग ताडकन उठले. "अहल्या! अगं, तिच्या बोटांना कळतंय!"

"हो, आणि तुमची लबाडीही कळली."

त्या दिवसापासून घट्ट नट. मे संपता संपता कार्डावर पहिला 'पास' पडला.

जून उजाडला. खाली रिक्षावाले आनंदभाई भोंगा वाजवत होते. मोहनाचं चौथं बटण पाचव्या काजात गेलेलं. रमाकांतांचा हात पुढे झाला.

"हात नाही लावायचा! मी करणार दुरुस्त."

"चालो बेटा, मोडू थाय छे!" उशीर होतोय म्हणून खालून गुजरातीत हाक आली.

रमाकांत खिडकीतून गरजले, "ऊभा रहो, भाई! माल हजी पास थयो नथी!"

बटण सुटलं, काज सापडलं, बटण बसलं. मोहना कठडा धरून एकेक पायरी उतरली. विसरलेला डबा घेऊन मागोमाग रमाकांत धावले. तिनं त्यांच्या शर्टाकडे पाहिलं. सगळी बटणं एक घर वर.

"रिजेक्ट," म्हणाली आणि रिक्षात बसली.