आईच्या वडिलांची हजेरी

आजोबांचं मंडळ चिकपेटेत एका कापडाच्या गोदामाच्या माडीवर भरायचं. सैनिकांच्या वंशजांचं मंडळ. बेंगळुरूच्या जुन्या मराठी घरांत 'आमचे पूर्वज तलवार घेऊन इकडं आले' असं सांगणारे पुष्कळ. कुठल्या स्वारीत ते विचारलं की सगळे छताकडे बघायचे. आले आणि परत जायचं राहून गेलं, एवढं खरं. पुढं कुणी साड्या विकल्या, कुणी कारकुनी केली. पोरं सगळंच विसरतील म्हणून सुभेदार होऊन निवृत्त झालेल्या आजोबांनी आणि त्यांच्या फौजी मित्रांनी हे मंडळ काढलं. विधवांच्या पेन्शनसाठी हेलपाटे घालायचे, सीमेवर लोकरीचे मोजे पाठवायचे आणि पंधरा ऑगस्टला झेंडावंदनानंतर हजेरी घ्यायची, हा त्याचा व्याप.

हजेरी दिवंगत सैनिकांची. आजोबा हातात कागदही न घेता एकेकाचं नाव पुकारायचे आणि त्याचा मुलगा किंवा नातू उठून "हजर!" म्हणायचा. एकही नाव ओ मिळाल्यावाचून राहता कामा नये, अशी सक्त ताकीद होती. ज्याला मुलगाच नाही त्याच्यासाठी त्याचा सोबती ओ द्यायचा. मुलींचा विचार कुणी केलाच नव्हता.

माझ्या आईचे वडील आणि हे आजोबा, म्हणजे माझ्या वडिलांचे वडील, एकाच दिवशी भरती झालेले. स्वातंत्र्यानंतर लगेच झालेल्या काश्मीरच्या लढाईत आईचे वडील गेले, तेव्हा आई पोटात होती. पुढं आजोबांनी मित्राच्या मुलीला सून करून घरी आणलं, आणि दर वर्षी तिच्या वडिलांचं नाव स्वतःच पुकारून स्वतःच ओ देत राहिले. मला याची गंमत वाटायची. आईला मुळीच वाटत नसे. ती तेव्हा शेजारच्या खोलीत केसरीभात, म्हणजे इकडचा केशरी शिरा, ढवळत असायची आणि तो "हजर" ऐकला की डाव पातेल्यावर जरा जोरातच आपटायची. वडिलांबद्दल विचारलं तर आजोबा "मर्द गडी होता" म्हणून गप्प व्हायचे. एवढ्यावर कुठल्या लेकीचं भागणार? तिनं वडिलांना पाहिलं नव्हतं, त्यांचा फोटोही नव्हता. निदान त्यांच्या नावाला ओ देणं तरी आपल्या वाट्याला यावं, एवढंच तिचं मागणं होतं.

मी कॉलेजात असतानाची गोष्ट. झेंडावंदनाच्या आदल्या संध्याकाळी आजोबा पदकं पुसत बसले होते. आई कॉफी ठेवून तिथंच उभी राहिली.

"मामंजी, उद्या बाबांच्या नावाला मी ओ देते."

"नियमात बसत नाही."

"नियम कुणी केला?"

"मी."

"मग मोडायलाही तुम्हीच लागणार की."

आजोबांनी पुढचं पदक पुसायला घेतलं. माझ्या वडिलांनी वर्तमानपत्र चेहऱ्यासमोर धरलं. सासरा-सुनेच्या लढाईत ते कायम तटस्थ राष्ट्र. मी मात्र मनातल्या मनात आईला सलाम ठोकला.

दुसऱ्या दिवशी हजेरी नेहमीसारखी सुरू झाली. आईच्या वडिलांचं नाव आलं. आजोबांनी ते पुकारलं आणि ओठ घट्ट मिटून घेतले. सभागृहात चुळबुळ सुरू झाली. म्हातारा विसरला, असंच सगळ्यांना वाटलं असणार. तेवढ्यात शेजारच्या खोलीतून बारीक आवाज आला, "हजर."

मंडळाचे चिटणीस ताडकन उठून आमच्या कानडी वळणाच्या मराठीत म्हणाले, "अक्का, नियम स्वल्प बघा की!"

आजोबांनी त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. खोलीच्या दाराकडे वळून ते गरजले, "आवाज!" चारचौघांत आईचा अपमान झाला असंच मला वाटलं. पण आजोबांनी तेच नाव पुन्हा पुकारलं. आईनं डाव खाली ठेवला, पदराला हात पुसले, सभागृहात आली आणि टाचा जुळवून ओरडली, "हजर!"

आजोबांनी पुढचं नाव घेतलं. चिटणीस बसले. मला इतका आनंद झाला की नंतरचं एकही नाव मी ऐकलं नाही.

जयनगरला घरी परतताना रिक्षात आजोबा, आई आणि मी, तिघंच होतो. आजोबा आईला म्हणाले, "तुझ्या बापाचंही असंच व्हायचं. रंगरूट होतो आम्ही. पहिल्यांदा आवाज असा बारीक निघायचा, की कवायत घेणारा उस्ताद खेकसायचा, 'आवाज!' मग दुसऱ्यांदा गडी असा ओरडायचा, की झाडावरचे कावळे उडायचे."

आईनं पुढं वाकून रिक्षावाल्याच्या सीटवर टकटक केलं.

"अण्णा, स्वल्प हळू चालवा." रिक्षा सावकाश झाली, तशी ती आजोबांकडे वळली. "हं मामंजी, अजून सांगा."