आडनाव न विचारणारं गाव

मायक्रोवेव्हमधल्या पॉपकॉर्नचा वास आला की अमेरिकेतल्या वेस्ट विंडसरमधलं मित्राचं बेसमेंट आठवतं. नागपूरहून आलेल्या बाबांना मी तिथे जुना काउबॉय पिक्चर बघायला नेलं होतं. तरुणपणी टॉकीजमध्ये पाहिलेला त्यांचा लाडका हिरो धुळीतून एकटाच गावात शिरला आणि बाबांची कॉमेंट्री सुरू झाली. "बघ, याला कोणी आडनाव विचारत नाही. बंदूक चालवता येते ना, बस!" शेजारी बसलेल्या मित्राच्या वडिलांनी पॉपकॉर्नचा बाऊल पुढे करत हसून विचारलं, "तुमचं आडनाव काय हो?" बाबांनी सांगितलं. "अच्छा," म्हणत काकांनी बाऊल परत आपल्या मांडीवर घेतला. पुढे गोळ्या सुटल्या, घोडे उधळले, बाबा मात्र एक शब्द बोलले नाहीत. गेल्या महिन्यात बाबा गेले, तेव्हा त्याच काकांचा फोन आला, "फार शांत माणूस होता हो."