वेषांतर केलेला फौजदार आणि आमचं सिनेमा मंडळ

ग्रुपवरच्या अण्णांनो, आक्कांनो, डोकं अजून तापलंय, म्हणून आत्ताच लिहिते.

आमच्या वडगावच्या सिनेमा मंडळानं आज दुपारी ऐंशीच्या दशकातला एक पोलिसी पिक्चर लावला. यंत्रमागांना सुट्टी होती, म्हणून मागाच्या शेडमध्येच पडदा म्हणून चादर ताणली होती. मंडळाचे अध्यक्ष दारातच म्हणाले, "आक्का, जरा बोल्ड हाय. बायकांनी न्हाय बघितला तरी चालतंय."

मी मुद्दाम पुढं जाऊन बसले.

गोष्ट काय, तर एक फौजदार गिऱ्हाईक बनून कुंटणखान्यात शिरतो. बजेट इतकं फाटकं, की एकच खोली पडदे बदलून सारखी दाखवतात. फौजदाराचा तपास म्हणजे कॅमेरा बायकांच्या अंगावरून फिरणार. शेवटी धाड पडते. गिऱ्हाईकं मागच्या दारानं पळतात, फौजदाराच्या गळ्यात हार पडतो आणि बायका पदरानं तोंड झाकून पोलिसांच्या गाडीत चढतात. नेमक्या तेव्हाच आमच्या मागच्या रांगेतून शिट्ट्या!

नंतर चर्चा. "काय वास्तव दाखवलंय!" म्हणे.

मी विचारलं, "मग गिऱ्हाईकांना का सोडलं?"

अध्यक्ष हसले. "पिक्चर हाय ओ आक्का. किती मनावर घेताय?"

मग नेहमीसारखा मंडळाचा फोटो. मी मोबाईल वर धरला, तर शिट्टीवाल्यांनी पटापट माना फिरवल्या. एकानं तर रुमालानं तोंडच झाकलं. "आक्का, ग्रुपवर टाकू नका हां. घरातली बघत्यात."

फोटो मी काढलाय. त्यांच्या घरातल्या आक्का याच ग्रुपवर आहेत. सांगा, टाकू?