काकांची हिरवळ

बाबांचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होते. "दादा गेले," एवढंच म्हणाले... मला रडू आलं नाही. महिना होत आला, अजूनही नाही.

शोकसभेत थोरल्या काकांना, म्हणजे बाबांच्या दादांना, सगळ्यांनी निसर्गप्रेमी म्हटलं. मी मागच्या रांगेत बसले होते. काकांचा निसर्ग म्हणजे धाराशिवच्या बंगल्यापुढची सतरंजीएवढी हिरवळ, तीही जागोजागी टक्कल पडलेली. पुण्याहून गवताच्या गुंडाळ्या यायच्या, एप्रिलपर्यंत करपायच्या आणि दोष माळ्याला लागायचा. बेंबळीला शेती करणाऱ्या धाकट्या भावाला, म्हणजे माझ्या बाबांना, काही विचारणं काकांना कमीपणाचं वाटे.

दोन वर्षांपूर्वी, मी कॉलेजसाठी त्यांच्याकडे राहत असताना, काकूंनीच बाबांना बोलावलं. बाबा किती खूश! दादांच्या घरी आपलं काही काम पडलं... घट्ट बसलेली माती त्यांनी टोचून मोकळी केली, चाळलेलं शेणखत पसरलं आणि उघड्या जागी हरळी लावली. शेतात तण म्हणून जिच्याशी जन्मभर भांडले, तीच बांधावरून ओल्या फडक्यात गुंडाळून आणली होती. "दादांना आत्ता सांगू नको," मला म्हणाले. "हिरवं दिसलं की आपसूक पटंल."

महिन्याभरात हिरवळ दाटली. "खास जात आहे," काका हिरवळीवर वेताच्या खुर्चीत बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. एका रविवारी बाबा आलेले असताना गावाकडचे एक म्हातारे पाहुणे आले. वाकून पाहत म्हणाले, "सायेब, हरळी लई झ्याक आलीया की!"

काकांचं शुद्ध मराठी तिथंच संपलं. ते बाबांवर ओरडले, "माज्या दारात हरळी? बाळ्या, मला येडा समजतो व्हय रं?"

संध्याकाळपर्यंत उकिडवं बसून त्यांनी खुरप्यानं एकेक मुळी उकरून काढली. हात अगदी सराईत शेतकऱ्याचे. जन्मभर लपवलेली विद्या वापरली ती भावाचं काम उपटायला. बाबा कडेला उभे होते. त्यांना कुणी बस म्हटलं नाही. मीही नाही.

त्यानंतर बाबा त्या घरी गेले ते थेट अंत्ययात्रेला.

गेल्या रविवारी आम्ही काकूंना भेटायला गेलो. मातीत राहिलेल्या मुळ्यांतून हरळी सगळीकडे पसरली होती. उपटायला आता कुणी नाही. काकांची वेताची खुर्ची मधोमध तशीच होती, पाय गवतात बुडालेले. बाबा तिच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले.

"आता आवडलं असतं न्हवं दादांना?"

"हो बाबा," मी म्हणाले. काकांविषयी मी बोललेला हा एकमेव चांगला शब्द, आणि तो खोटा होता.